भूकंपानंतर त्याच घरात झोपायचं कसं?

ताई,
मी वसमत तालुक्यातल्या एका गावात राहते. वय चौतीस. घरात मी, हे, आत्याबाई आणि दोन लेकरं. मुलगी चौथीला, मुलगा अंगणवाडीत. मार्च २०२४ मध्ये भूकंप झाला तेव्हा हळदीची घाई होती. दोन दिवस घाबरलो आणि कामाला लागलो. पण १० जुलैला सकाळी पुन्हा झाला. मी गॅसपाशी होते. आधी जमिनीतून गुरगुर आली, मग मांडणीवरचे डबे वाजले, पातेलं खाली पडलं. मुलगी न्हाणीत होती, ती ओरडत तशीच बाहेर आली. तेव्हापासून ती एकटी न्हाणीत जात नाही. ट्रॅक्टर गेला तरी दाराकडे पळते. रात्री अंथरूण ओलं करते.

आमची मधली खोली जुनी आहे, दगड-मातीची. पुढची पडवी पत्र्याची. मधल्या खोलीच्या भिंतीला चीर गेली आहे आणि खाली थोडं पोट आल्यासारखं दिसतं. बाजारात दर वाढायची वाट बघत ठेवलेली हळदीची पोती त्याच भिंतीला लावलेली आहेत. आधी अंगणात झोपलो, पण पाऊस लागला. आता रात्री आत-बाहेर, आत-बाहेर चालतं.

आत्याबाईंचं माहेर सास्तूरकडचं. किल्लारीच्या भूकंपात त्यांचा भाऊ आणि भावजय गेले. त्या रात्री लेकरांसमोर म्हणतात, “आमच्याकडंबी आधी असेच आवाज यायचे, मग एका रात्रीत गाव गेलं.” परवा मी त्यांच्यावर ओरडले. हे टेम्पो चालवतात, कधी रात्रीही बाहेर असतात. ते म्हणतात, तुझ्या डोक्यातच भूकंप बसलाय. मला बसल्या जागी जमीन हलल्यासारखी वाटते. मोबाईलवर रोज कुणीतरी पाठवतं, आज रात्री मोठा येणार म्हणून.

लेकरांना घेऊन परभणीला माहेरी जाऊ का? आणि मला वेड लागत चाललंय का?
— एक वाचक, हिंगोली जिल्हा

ताई,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो लिहिताना तुम्हाला किती जड गेलं असेल हे कळतंय. नाही, तुम्हाला वेड लागत नाहीये. भूकंपानंतर जमीन हलत नसतानाही हलल्यासारखी वाटणं ही अगदी ओळखीची गोष्ट आहे. जपानमध्ये २०११ च्या मोठ्या भूकंपानंतर अशी तक्रार घेऊन कितीतरी लोक डॉक्टरांकडे गेले होते. राखणीचं कुत्रं चोरी होऊन गेल्यावर पानाच्या सळसळीलाही भुंकतं, तसं तुमचं शरीर सध्या पहाऱ्यावर आहे. त्यात झोप अर्धवट, जेवण उभ्या उभ्या, चक्कर येणारच.

यावर एक साधा उपाय करा. प्लास्टिकच्या पारदर्शक बाटलीत निम्मं पाणी भरून ती स्वयंपाकघरात डोळ्यासमोर ठेवा. हलल्यासारखं वाटलं की आधी पाण्याकडे बघा. पाणी स्थिर असेल तर पाय जमिनीवर घट्ट टेकवा, दोन-चार वेळा सावकाश श्वास सोडा आणि हातातलं काम पुढे चालू करा. पाणी हललंच, तर काय करायचं ते खाली लिहिते आहे. मुलीलाही ती बाटली दाखवून ठेवा. ट्रॅक्टर गेला की पळायच्या आधी बाटलीकडे बघायचं, असं तिला सांगा.

आता तुमच्या यजमानांच्या बोलण्याबद्दल. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्याची. भिंतीला चीर गेली आहे आणि खाली पोट आलं आहे. भूकंप तुमच्या डोक्यात बसलेला नाही, त्या भिंतीत बसलेला आहे. आपल्याकडे बाईला भीती वाटते म्हटलं की सगळे तिला धीर द्यायला धावतात आणि भिंतीकडे कुणी बघत नाही, याचा मला खरोखर राग येतो. तुमची भीती रास्त आहे, म्हणून मी तुम्हाला ‘मन घट्ट करा’ असं सांगणार नाही. आपण आधी भिंतीचं बघू.

दगड-मातीची जुनी भिंत बाहेरून एकच दिसते, पण बहुतेक वेळा ती दोन पदरी असते. आतल्या बाजूला दगडांचा एक थर, बाहेरच्या बाजूला एक, आणि मध्ये माती, चिपा, बारीक दगड. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड मधूनमधून घातलेले असतील तर दोन्ही थर एकमेकांना धरून राहतात. नसतील तर हादऱ्यानं ते सुटतात आणि एक थर बाहेर फुगतो. पोट येणं म्हणजे हेच. नुसती गिलाव्यातली केसासारखी चीर आणि पोट आलेली भिंत यांत फार फरक आहे. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली चीर, दोन भिंती मिळतात तिथे वरून उघडलेला कोपरा आणि पोट, या तीन गोष्टी दिसल्या की ती खोली झोपायची नाही. तुमच्याकडे यातली एक तर नक्की आहे.

आजच पेन्सिल घेऊन चिरेच्या दोन्ही टोकांना खूण करा आणि बाजूला तारीख लिहा. चिरेत रुपयाचं नाणं कडेनं जातं का ते बघा. मोबाईलवर फोटो काढा, नाणं शेजारी धरून, म्हणजे रुंदी कळेल. आठवड्यानं पुन्हा बघा. चीर खुणेच्या पुढे गेली असेल तर भिंत अजून सरकते आहे. गवंड्याला बोलावून चिरेवर सिमेंट थापायची घाई कुणी केली तर करू देऊ नका. त्यानं भिंतीला जोर येत नाही, फक्त चीर दिसेनाशी होते. आणि उद्या पंचनाम्याला माणूस आला तर त्याला दाखवायला काही उरत नाही.

हळदीची पोती त्या भिंतीपासून काढा. पोट आलेल्या भिंतीला क्विंटलच्या क्विंटल रेटा देऊन ठेवलेला आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाणी. पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडत असेल तर चर काढून ते लांब न्या, आणि भिंतीचा माथा उघडा असेल तर ताडपत्री टाका. ओल धरलेली मातीची भिंत पडायला भूकंप लागत नाही. मराठवाड्यात दर पावसाळ्यात अशा भिंती पडून माणसं जातात, आणि तुमची भिंत तर दोनदा हादरून आता पाऊस खाते आहे.

पत्र्याच्या पडवीवर वाऱ्यासाठी दगड ठेवले असतील. ते उतरवायचे आहेत. मार्चच्या धक्क्यानंतर नांदेडच्या जिल्हा प्रशासनानं लोकांना हेच आवाहन केलं होतं. पण नुसते दगड काढले तर पहिल्या वादळात पत्रे उडतील, म्हणून आधी पत्रे हूक-बोल्टनं खालच्या लोखंडी पाइपांना किंवा लाकडांना आवळून घ्या, मग दगड खाली. घरात सामान असेल तर हे एका दिवसाचं काम आहे.

सरकारी बाजू थोडक्यात. ग्रामपंचायतीत आणि तलाठ्याकडे लेखी अर्ज द्या, फोटो जोडा, पोच घ्या. अर्जात ‘घराची अभियंत्यामार्फत पाहणी व्हावी’ हे वाक्य स्पष्ट लिहा. नुसत्या ‘मदत मिळावी’ या अर्जानं पाहणी होईलच असं नाही. गावात अशी तुमची एकटीचीच भिंत नसणार. बचत गटातल्या चारजणींना सोबत घ्या आणि अर्ज एकत्र द्या. किल्लारीनंतर जुनी घरं मजबूत करण्याचा मोठा सरकारी कार्यक्रम झाला तेव्हा गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या होत्या. ज्या बायकांनी आयुष्यात कधी नकाशा पाहिला नव्हता त्या अभियंत्यांना प्रश्न विचारू लागल्या, गवंडी आरपार दगड घालतो की नाही ते उभं राहून बघू लागल्या. हे आपल्याच मराठवाड्यात घडलेलं आहे.

मग तोवर झोपायचं कुठे? पडवीत, पत्र्याखाली, दगड उतरवल्यानंतर. अंगणात नको, आणि जमिनीवर तर अजिबात नको. पावसाळ्यात मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावल्याचं दुखतही नाही, म्हणून कळत नाही. भूकंपाच्या भीतीनं बाहेर झोपून लेकराला साप चावला तर काय करणार आहोत आपण? बाजेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्या. बाजा जुन्या भिंतीपासून जितक्या लांब सरकतील तितक्या सरकवा. डोक्यावर फळी, माळा, उतरंड, देवाची मोठी तसबीर असं काही असू नये. मांडणीवरचे जड डबे आणि पितळी भांडी खालच्या कप्प्यात घ्या, हलकं सामान वर ठेवा. झोपण्यापूर्वी गॅसचं रेग्युलेटर बंद करा. दाराला आतून कुलूप नको, नुसती कडी. बाजेखाली चपला आणि टॉर्च. दारापर्यंतच्या वाटेत सायकल, घागर, फवारणीचा पंप, काही काही ठेवायचं नाही.

हे झालं की बाहेर पडायचा सराव दिवसाउजेडी सगळ्यांनी एकदा करून बघा. पत्र्याच्या पडवीतून दार दोन-चार पावलांवर असेल तर बाहेर पडणं बरोबर. पण पळायचं नाही, झपझप चालायचं. पालघर जिल्ह्यात २०१८ च्या नोव्हेंबरपासून धक्क्यांची मालिका सुरू झाली. तिथे २०१९ च्या फेब्रुवारीत दोन वर्षांची एक मुलगी गेली ती घर पडून नाही, घराबाहेर पळताना पडून डोक्याला मार लागल्यामुळे. म्हणून कोण कुणाला धरणार हे आधीच ठरवा. मुलगा तुमच्या कडेवर, मुलीचा हात तिच्या वडिलांच्या हातात, आत्याबाईंनी मुलीच्या दुसऱ्या हाताला धरायचं. यजमान टेम्पो घेऊन बाहेर असतील त्या रात्री कसं, तेही ठरवा. शेजारची एखादी बाई किंवा दीर त्या रात्री पडवीत झोपायला येऊ शकतात का, विचारा. यात संकोच करू नका. बाहेर थांबायची जागा भिंतीपासून, विजेच्या तारांपासून आणि पाण्याच्या टाकीपासून लांब हवी. अरुंद बोळात थांबू नका, तिथे दोन्हीकडच्या भिंती अंगावर येतात. कधी स्लॅबच्या इमारतीत वरच्या मजल्यावर असाल तर मात्र जिन्याकडे धावू नका, मजबूत टेबलाखाली शिरून त्याचा पाय धरून बसा. मुलीच्या शाळेत हे शिकवलं आहे का, तिच्या गुरुजींना विचारा. नसेल तर मैदानावर जायचा सराव घ्या म्हणून आग्रह धरा.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आता देता येईल. तुम्ही पळून जाऊ नये असं मला वाटतं, पण अडूनही राहू नये. पडवी नीट करून तिथे झोपता येत असेल तर लेकरांची शाळा-अंगणवाडी मोडून माहेरी जाण्यात फायदा कमी. परभणीलाही हे धक्के जाणवलेच होते. तिथे गेल्यावर तुमचं अर्धं लक्ष इथल्या माणसांकडे लागून राहील आणि मुलीच्या मनात मात्र ‘आपलं घर म्हणजे मरायची जागा’ हे पक्कं होईल. पण अभियंत्यानं घर धोक्याचं म्हटलं, किंवा चीर तुमच्या पेन्सिलीच्या खुणेच्या पुढे गेली, किंवा पडवीतही त्या भिंतीपासून लांब झोपायला जागा नसेल, तर त्याच दिवशी निघा. कुणाची परवानगी मागत बसू नका, आणि आत्याबाईंनाही सोबत घेऊन जा.

लेकरांबद्दल. चौथीतली मुलगी पुन्हा अंथरूण ओलं करू लागली हे ऐकून तुम्ही घाबरला असाल, पण अशा धक्क्यानंतर मुलं काही काळ लहान होतात. रागावू नका, लाजवू नका, पाहुण्यांसमोर विषय काढू नका. संध्याकाळनंतर पाणी थोडं कमी, झोपण्यापूर्वी एकदा बाहेर नेऊन आणा, आणि ओलं झालंच तर न बोलता चादर बदला. न्हाणीचं दार काही दिवस लावूच नका, पडदा टाका. तुम्ही बाहेर बसून तिच्याशी बोलत राहा. दोन-चार दिवसांनी थोडं लांब बसा, मग स्वयंपाकघरातून हाक मारा. घाई केली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल.

आवाजाची भीती मात्र वेगळ्या तऱ्हेनं घालवावी लागेल, कारण तुमच्याकडे जमिनीतून आवाज येतातच. वसमत, औंढा, कळमनुरी या भागात, पांगरा शिंदेसारख्या गावांत, कित्येक वर्षांपासून लोक हे आवाज ऐकत आले आहेत. भूकंप फार खोल नसला आणि वर कठीण काळा खडक असला की भूकंपाची पहिली लाट जमिनीच्या वर हवेलाही हलवते. तिचाच आवाज आपल्याला येतो. हादरे देणारी लाट तिच्या मागून येते, म्हणून आधी गुरगुर, मग थरथर. चौथीतल्या मुलीला हे समजतं. तिला सांगा. तिच्याबरोबर आवाज ओळखायचा खेळ खेळा. डोळे मिटून बसायचं, हा ट्रॅक्टर, हा ढग, हे पिठाच्या गिरणीचं. रोज थोडा वेळ. ज्या आवाजाला नाव देता येतं त्याला मूल घाबरत नाही. मुलगा आणि त्याचे सवंगडी ‘भूकंप भूकंप’ खेळताना ठोकळ्यांचं घर पाडताना दिसले तर दटावू नका, लहान मुलं मनातलं असंच बाहेर काढतात.

आणि त्यांना खोटं सांगू नका. “आता कधीच होणार नाही” असं तुम्ही म्हणालात आणि पुढच्या आठवड्यात डबे वाजले, तर मुलगी पुढे तुमचं काही ऐकणार नाही. “होईल की नाही ते कुणालाच माहीत नसतं, पण झालं तर आपण काय करायचं ते आपल्याला माहीत आहे,” एवढं म्हणा. टॉर्च सांभाळायचं काम तिला द्या. रात्री बाजेखाली टॉर्च आहे का, पेटते का, हे तिनं बघायचं.

आता आत्याबाई. पत्र वाचताना मी सगळ्यात जास्त वेळ त्यांच्यापाशी थांबले. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक दमून झोपलेले, आणि पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी ते झालं. त्या पहाटे भाऊ-भावजय गमावलेली बाई तीस वर्षांनी पुन्हा जमिनीतली गुरगुर ऐकते आहे. त्या लेकरांना घाबरवत नाहीत हो, त्या घरच्यांना सावध करताहेत. १९९३ मध्ये त्यांच्या माहेरच्या माणसांना कुणी सावध केलं नाही.

आणि त्या जे म्हणतात ते खरंही आहे. किल्लारी परिसरात १९९२ मध्ये धक्के बसले होते, आवाज येत होते, लोक तेव्हाही बाहेर झोपले होते. मग शांत झालं, लोक घरात परतले, आणि पुढच्या वर्षी मोठा भूकंप झाला. मी हे तुमच्यापासून लपवणार नाही. पण दुसरंही तेवढंच खरं आहे. पालघरच्या डहाणू-तलासरीत हजारो लहान धक्के बसले आणि मोठा भूकंप झाला नाही. कोयनेच्या परिसरात १९६७ च्या भूकंपानंतर आजतागायत जमीन अधूनमधून हलते, आणि लोक तिथे राहतात, लग्नं करतात, शेती करतात. तुमच्याकडचं पुढे कोणत्या वाटेनं जाईल हे जगातला कुठलाही शास्त्रज्ञ आज सांगू शकत नाही. १० जुलैचा धक्का ४.५ चा होता. किल्लारीचा ६.२ चा. आकड्यात फरक थोडा दिसतो, पण बाहेर पडलेल्या ऊर्जेत तो साडेतीनशे पटींच्या आसपास आहे. तुम्ही जे अनुभवलं ते किल्लारी नव्हतं.

किल्लारी-सास्तूरकडे इतकी माणसं गेली याचं कारण नुसती जमीन नव्हती. वेळ पहाटेची होती, आणि घरं माळवदाची. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती, आणि वर लाकडावर वर्षानुवर्षं चढवत नेलेला मातीचा जाड थर. भिंतीचे दोन पदर सुटले आणि ती सगळी माती झोपलेल्या माणसांवर आली. म्हणून मी इतका वेळ तुमच्या भिंतीवर घालवला. मोठा भूकंप होवो न होवो, ती खोली रिकामी ठेवणं आपल्या हातात आहे.

आत्याबाईंशी दुपारी बोला. रात्री नको, लेकरांसमोर नको. भांडी झाली, मुलं शाळेत गेली, की त्यांच्या शेजारी बसा आणि आधी परवाच्या ओरडण्याबद्दल माफी मागा, लांबण न लावता. मग विचारा. तुमच्या माहेरचं घर कसं होतं? भिंती किती रुंद होत्या? भाऊ कुठे झोपायचे? मग पुढचं विचारा, पत्र्याच्या शेडमध्ये पहिला पावसाळा-हिवाळा कसा काढला, नवं गाव वसलं तेव्हा जुने शेजारी कुठे गेले, नव्या घरात पहिल्यांदा कुणी स्वयंपाक केला. त्यांना भूकंपाची रात्र ठाऊक आहे तशी नंतरची वर्षंही ठाऊक आहेत, आणि ती वर्षं त्यांना कुणी विचारली नसावीत. रडतील कदाचित. रडू द्या, उठून जाऊ नका. दिवसा बोलायला मिळालं की रात्रीचं बोलणं बरंच कमी होतं. तरी रात्री विषय निघालाच तर “आत्याबाई, हे आपण दुपारी बोलू” एवढंच म्हणा, आणि दुपारी खरंच बोला. ३० सप्टेंबर जवळ येतोय, त्या आधीचे आठ-पंधरा दिवस त्यांना जड जातील. किल्लारीला स्मृतिस्तंभापाशी दरवर्षी त्या दिवशी श्रद्धांजली वाहतात. त्यांची इच्छा असेल तर यंदा टेम्पोतून त्यांना घेऊन जा.

यजमानांना भीतीबद्दल विचारू नका. “तुम्हाला भीती नाही वाटत का?” या प्रश्नाला आपल्याकडचा पुरुष दुसरं उत्तर देऊच शकत नाही. त्यांना काम सांगा. हूक-बोल्ट इतके लागतील, पोती या दिवशी हलवायची, चर इथून काढायचा, अर्जावर तुमची सही. भिंतीला पेन्सिलीची खूण त्यांच्याच हातून करून घ्या. आठवड्यानं ती बघायला ते आपणहून जातील. आणि ‘डोक्यात भूकंप’ हे वाक्य मुलांसमोर पुन्हा म्हणायचं नाही, हे मात्र एकदा शांतपणे, ठामपणे सांगा. आईच्या भीतीला हसलेलं मुलं विसरत नाहीत.

मोबाईलवरच्या मेसेजचं एका वाक्यात सांगते. भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगणारा माणूस किंवा यंत्र आज कुठेही नाही, त्यामुळे ‘आज रात्री दोन वाजता’ असं लिहिणारा प्रत्येक मेसेज खोटा आहे, तो कोणत्याही मोठ्या संस्थेच्या नावानं आला तरी. पुढे पाठवू नका, आणि रात्री आठनंतर तो ग्रुप उघडूच नका.

राहिलात तुम्ही. पूर्ण पत्रात तुमच्या जेवणाबद्दल, झोपेबद्दल एक शब्द नाही. रात्रीची झोप मोडते आहे तर दुपारी आत्याबाईंशी बोलून झाल्यावर थोडा वेळ तिथेच आडव्या व्हा. खुरपणीला जाणं बंद केलं असेल तर पुन्हा सुरू करा, चारचौघींत बसून काम करताना मन जेवढं हलकं होतं तेवढं घरात बसून होत नाही. आणि हे नीट ऐका. भिंत, झोपायची जागा, सगळं मार्गी लागल्यावरही तीन-चार आठवड्यांनी झोप येत नसेल, छातीत धडधड थांबत नसेल, घास घशाखाली उतरत नसेल, किंवा ‘यापेक्षा मेलेलं बरं’ असा विचार एकदा जरी मनात आला, तर १४४१६ या नंबरवर फोन करा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, दिवसरात्र चालू असते. मरणाचा विचार आला तर आठवडे मोजायचे नाहीत, त्याच क्षणी फोन. मुलीचं अंथरूण ओलं होणं किंवा शाळेला नकार देणं तसंच चालू राहिलं तर तिला ग्रामीण रुग्णालयात दाखवा. आत्याबाईंसाठीही हाच नंबर आहे, आणि मला वाटतं त्यांना त्याची गरज तुमच्याहून थोडी जास्तच असेल.

या आठवड्यात पोती, पागोळ्यांचा चर आणि पत्र्यावरचे दगड एवढं तरी उरकून घ्या. बाकीचं त्यानंतर. पाहणीला कुणी आलं की मधल्या खोलीच्या भिंतीबद्दल ते काय म्हणाले, ते मला जरूर कळवा. महिन्याभरात कुणीच आलं नाही, तर तुमच्या अर्जाच्या पोचेचा फोटो पाठवा. तहसीलदारांना काय लिहायचं ते आपण मिळून ठरवू.